आहार आणि निसर्गोपचार पदविका : फी भरण्याआधी हे वाचा

मी मिरजेत योगवर्ग चालवते. वर्गाला येणाऱ्या बायका आसनांबद्दल एखाददुसरा प्रश्न विचारतात, बाकी सगळे प्रश्न ताटाबद्दल. "मॅडम, थायरॉईडला कोबी चालतो का हो?" "शुगर निघालीय, आता भात कायमचा बंद का?" "सुनेचं हिमोग्लोबिन आठ आलंय, बीट सुरू करू का?" हिमोग्लोबिन आठ असलेल्या पोरीला अंदाजपंचे सल्ला देणं मला कधीच पटलं नाही. त्यातून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासून इथं आहे, सीमेपलीकडून कर्नाटकातले रुग्णही उपचाराला येतात. इथं आहार आणि निसर्गोपचार यांवर तोंड उघडायचं तर शेजारचा डॉक्टर ऐकतोय असं धरूनच बोलावं लागतं. म्हणून रीतसर शिकायचं ठरवलं आणि पुण्यातल्या एका खासगी संस्थेच्या वर्षभराच्या 'आहारशास्त्र व निसर्गोपचार' पदविकेला नाव घातलं.

वर्ग शनिवार-रविवार. फी ४५ हजार, तीन हप्त्यांत. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, भल्या पहाटे पुण्यात उतरायचं, बहिणीकडे आंघोळ-चहा उरकून वर्गात बसायचं. संस्थेचं नाव इथं देत नाही. याच साच्याचे अभ्यासक्रम पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, ठाण्यात कितीतरी चालतात, माहितीपत्रकंही एकाच छापाची. मला लिहायचंय ते या साच्याबद्दल : पैसे कुठे वसूल होतात, कुठे होत नाहीत आणि कुठे सावध राहायचं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं होतं.

आहारशास्त्र शिकवायला एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या डाएटिशियन बाई होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपात्र आणि निरनिराळ्या घरांतून गोळा केलेल्या वाट्या काढून टेबलावर मांडल्या. "वाटीभर वरण म्हणजे किती?" सगळ्यांनी आपापला अंदाज सांगितला. मग एकेका वाटीत पाणी भरून मोजपात्रात ओतायला लावलं. एक वाटी १२० मिली, दुसरी १८०, तिसरी चांगली सव्वादोनशे. बाई म्हणाल्या, "पेशंट वाटी म्हणेल तेव्हा त्याच्या घरची वाटी बघितल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही." वर्षभरात ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत हे वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं.

त्यानंतर चोवीस तासांच्या आहाराची नोंद. ऐकायला सोपी, करायला अवघड. मी आमच्या शेजारच्या काकूंची घेतली.

"काकू, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"काही नाही गं, नेहमीचंच. दोन वेळा जेवण आणि चहा."

"चहाबरोबर काही?"

"बटर होतं एक. दोन असतील."

"चटणी कुटताना शेंगदाणे तोंडात टाकले?"

"ते काय खाणं म्हणायचं का, अगं! मूठभर असतील."

"नातवाच्या डब्यातलं उरलेलं?"

"टाकवत नाही गं. अर्धा पराठा खाल्ला मी."

असं करत करत मूठभर शेंगदाणे, अर्धा पराठा, दोन बटर, संध्याकाळच्या आरतीचा पेढा आणि चार कप चहातली आठ चमचे साखर कागदावर आली. काकू खोटं बोलत नव्हत्या. जे पाट-ताट मांडून खाल्लं जात नाही ते खाण्यात धरलंच जात नाही, आमच्याकडे घरोघरी असंच आहे. ती नोंद काढायला पाऊण तास गेला. जी संस्था हे काम प्रत्यक्ष माणसांवर पुन्हा पुन्हा करून घेते, ती आहारशास्त्र शिकवते. जी तयार तक्ते वाटते, ती झेरॉक्स विकते.

तेलाचा हिशोब तर मी आता माझ्या वर्गात सगळ्यांकडून करून घेते. घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो, माणसं चार. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस, भागाकार केला की माणशी रोज अडतीस ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आयसीएमआरतर्फे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आणि आपल्या अडतीस ग्रॅममध्ये बाहेरची भजी, वडापाव, फरसाण धरलेलंच नाही. हा हिशोब मांडल्यावर 'तेल कमी करा' असं वेगळं सांगावं लागत नाही.

प्रथिनांचंही तसंच. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅम लागतात. आमच्याकडचं पातळ वरण वाटीभर घेतलं तर त्यात डाळ असते पंचवीस ग्रॅम, प्रथिनं साडेपाच-सहा. ज्वारीची भाकरी एक, पाच-सहा. मग उरलेली कुठून आणायची? दूध-दही, मटकी-हुलगे, अंडं खाणाऱ्याला अंडं, पिठल्याचं बेसन. त्याच मार्गदर्शक ताटात ३०० मिली दूध किंवा दही आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासे धरलेत. आपल्या घरात बाईच्या वाट्याला हे ८५ ग्रॅम क्वचित येतात, कारण उसळ संपत आली की तिची वाटी आपोआप लहान होते. बाईंनी हे शिकवताना आवाज चढवला नाही, पण वर्गातल्या बायका गप्प झाल्या होत्या.

कोष्टकं वाचायला शिकले हा दुसरा मोठा फायदा. आपल्याकडे पोषणमूल्यांची जुनी कोष्टकं गोपालन आणि सहकाऱ्यांची, १९७१ ची, पुढे १९८९ मध्ये सुधारलेली. २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टकं काढली. दोन्ही शेजारी ठेवून बघितली की डोळे उघडतात. जुन्या कोष्टकात पोह्यांत १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम लोह, नव्यात साडेचारच्या आसपास. शेवग्याच्या पाल्याचं उलटं, जुन्यात एकही मिलिग्रॅम नाही, नव्यात साडेचारच्या पुढे. व्हॉट्सअॅपवर 'पोहे म्हणजे लोहाची खाण' म्हणून जे फिरतं, त्याची मुळं जुन्या आकड्यात आहेत. आणि बीट? नव्या कोष्टकात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. लाल रंगावरून रक्त वाढेल हा समज गावोगावी आहे आणि हिमोग्लोबिन आठ असलेल्या सुनेला त्या समजावर ठेवणं म्हणजे तिचे तीन महिने वाया घालवणं. तिला आधी डॉक्टरकडे पाठवायचं, कारण शोधायचं, गोळ्या सुरू करायच्या. आपलं काम त्यापुढचं : गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, जेवणावर लगेच चहा नाही, पालेभाजीवर लिंबू पिळायचं, भिजवलेल्या मटकीला मोड आणायचे. हे काम लहान वाटतं, पण नेमून दिलेली गोळी अंगी लागते की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

आता निसर्गोपचाराकडे.

सिद्धांताचे तास सामान्य होते. पंचमहाभूतं, रोगाचं एकच कारण, लंघनाचं माहात्म्य, एवढ्यात बरेच रविवार गेले. इतिहासाचा एक तास मात्र चांगला झाला, कारण शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात नेलं. डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र तिथं होतं, गांधीजी तिथं राहून गेले, आणि १८ नोव्हेंबर १९४५ ला तिथंच निसर्गोपचाराच्या अखिल भारतीय न्यासाची स्थापना झाली. आज देशात निसर्गोपचार दिन १८ नोव्हेंबरला पाळतात तो त्यामुळे. राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान १९८६ पासून त्याच वास्तूत आहे. न्यासाच्या स्थापनेनंतर पुढच्याच वर्षी, १९४६ च्या मार्चमध्ये, गांधीजी उरुळी कांचनला गेले, तिथला आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाईंनी तो पुढे आयुष्यभर सांभाळला. पुण्यात शिकायचं आणि या दोन जागा बघायच्या नाहीत, असं कुणी करू नये.

पण खरं शिक्षण उपचार विभागात झालं, आणि ते तिथल्या मावशींनी दिलं. मावशींचं शालेय शिक्षण फारसं नव्हतं, हात मात्र तयार होता. माती कशी घ्यायची ते त्यांच्याकडून कळलं. वरची माती नाही घ्यायची. तीन-चार फूट खणून खालची काळी माती, जिथं खत-औषध पडलेलं नाही अशा जागेची. उन्हात वाळवायची, खडे-मुळ्या काढून चाळायची, रात्री पाण्यात भिजत घालायची. सकाळी लाकडी दांड्याने घोटून लोण्यासारखी करायची. "बोटावर घेऊन उलटी धर," मावशी सांगायच्या, "पडली तर पाणी जास्त, भेगाळली तर कमी." पातळ सुती कापडावर अर्धा इंच थर द्यायचा, कापडाच्या कडा दुमडायच्या आणि ओटीपोटावर ठेवायची, वीस ते तीस मिनिटं. खोलीत वारा असेल तर वरून ब्लँकेट. थंडीने अंग शहारलं तर तिथल्या तिथं काढायची, 'सहन कर' म्हणायचं नाही. पट्टी काढल्यावर पोट ओल्या कापडाने पुसून कोरडं करायचं आणि पेशंटला थोडं चालायला लावायचं. हे सगळं कागदावर चार ओळींत मावतं. हाताला मात्र कित्येक सकाळी लागतात. माझ्या पहिल्या पट्ट्या कडेने गळायच्या, मावशी न बोलता फडकं पुढे करायच्या.

कटिस्नान, गरम पादस्नान, ओली लपेट, वाफारा हेही त्यांनीच हाताला धरून शिकवलं. कटिस्नानाच्या टबात पाणी बेंबीपर्यंत, पाय टबाबाहेर पाटावर कोरडे, पाणी दहा ते अठरा अंश, आणि बसल्या बसल्या ओल्या खरबरीत कापडाने ओटीपोट उजवीकडून डावीकडे चोळत राहायचं. जेवणानंतर लगेच नाही, पाळीत नाही, ताप-थंडी भरलेल्याला नाही.

पादस्नानाच्या वेळी मावशींनी एक गोष्ट शिकवली ती मी कधीच विसरणार नाही. मधुमेही माणूस आला की बादलीत पाय घालायच्या आधी त्या त्याच्या तळव्यांना, बोटांना हात लावून बघायच्या. "लागतंय का? इथं? इथं?" ज्याच्या तळव्यांची जाणीव गेली आहे त्याला पाणी किती गरम हे कळतच नाही. भाजून फोड येतो, फोड चिघळतो, आणि मधुमेहात चिघळलेल्या पायाची गोष्ट कुठवर जाते हे मिरजेच्या माणसाला सांगायला नको. मावशी स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून बघायच्या, थर्मामीटर लावायच्या आणि तरी शंका आली तर सरळ नाही म्हणायच्या. पेशंट रागावला तरी चालेल. पदविकेच्या छापील नोट्समध्ये पादस्नानाचे फायदे पान भरून होते. ते कुणाला देऊ नये हे एका ओळीत उरकलं होतं.

आणि इथूनच माझी तक्रार सुरू होते.

ज्या संस्थेत अशा बाई आणि अशा मावशी आहेत, त्याच संस्थेत त्याच आठवड्यात दुसऱ्या एका व्याख्यात्याने आम्हाला डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगरेषांवरून मूत्रपिंड, यकृत आणि आतडी 'वाचायला' शिकवलं. यालाच आयरिडॉलॉजी म्हणतात. नियंत्रित चाचण्यांमध्ये ती रोग ओळखण्यात टिकलेली नाही. रक्त तपासायला शंभर पावलांवर लॅब असताना डोळ्यावरून यकृत सांगणं हे शिक्षण म्हणून देऊ नये. मी प्रश्न विचारला तेव्हा 'ही पण एक दृष्टी आहे' असं उत्तर मिळालं. परीक्षेत त्यावर वीस गुण होते.

त्याहून गंभीर गोष्ट लंघनाच्या तासाला झाली. वर्गातल्या एकीने विचारलं, "सर, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तीन दिवसांचा रसाहार द्यायचा का?" सर म्हणाले, द्या, गोळ्या हळूहळू आपोआप सुटतात. हे धोक्याचं आहे आणि मी ते इथं मुद्दाम ठळकपणे लिहिते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने खाणं तोडलं तर औषध आपलं काम करतच राहतं, साखर घसरते, दरदरून घाम, थरथर, भोवळ आणि वेळीच कळलं नाही तर बेशुद्धी. लंघन करायचं असेल तर औषधाची मात्रा त्याच्या डॉक्टरने आधी बदलायला हवी. आम्ही नाही. ही एक ओळ प्रत्येक पदविकेच्या पहिल्या पानावर हवी. अशाच आणखी काही : मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी आणि रस सर्रास सांगायचे नाहीत, पोटॅशियम साठतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवायचं नाही, कारण त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध जातं. हृदयरोग्याला आणि अशक्त म्हाताऱ्याला एनिमा स्वतःच्या मनाने नाही. हे सगळं मला निवृत्त डाएटिशियन बाईंकडून कळलं, निसर्गोपचाराच्या तासांना नाही.

दुधीच्या रसाचंही तेच. आमच्याकडे बागेत फिरायला जाणाऱ्या माणसांना सकाळी सकाळी दुधी, कारलं, गव्हांकुर यांचे रस पाजणाऱ्या गाड्या असतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू दुधीचा रस पिऊ नये असं सांगितलं. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, तो उकळून किंवा कारल्यात मिसळून जात नाही. उलट कारल्यात मिसळला की कडू दुधी लपतो. म्हणून रस काढायच्या आधी दुधीची चकती जिभेवर ठेवून बघायची, कडू लागली की थुंकायची, आणि दुधी टाकून द्यायचा. बाईंनी आम्हाला प्रत्येकाला चकती चाखायला लावली. त्याच संस्थेच्या 'यकृतशुद्धी' पत्रकात मात्र रोज एक ग्लास दुधी-कारलं रस, खाली इशाऱ्याचा एक शब्द नाही.

तयार आहारतक्त्यांवर मी फार वेळ घालवत नाही. क्विनोआ, ब्लूबेरी, अॅव्होकॅडो. ज्या कृष्णाकाठी खपली गहू पिकतो, ज्वारी पिकते, हुलगे-मटकी मिळतात, शेजारच्या तासगावात बेदाणे आहेत, तिथल्या माणसाच्या हातात हे तक्ते देऊन काय होणार? नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पन्नास ग्रॅमची एक भाकरी म्हणजे दिवसाच्या १००० मिलिग्रॅमच्या गरजेतले १८० आले. हे सांगायला परदेशी नाव लागत नाही.

शेवटच्या हप्त्याबरोबर पूरक पावडरींचा एक संच 'विद्यार्थी सवलतीत' घ्यायचा आग्रह झाला आणि पुढे पेशंटना विकल्यास कमिशन मिळेल असंही सांगितलं गेलं. मी घेतला नाही. सल्ला देणाऱ्याने डबा विकायला सुरुवात केली की सल्ला डब्याच्या बाजूने झुकतो. वर्गातल्या तिघी-चौघींनी घेतला, त्यांना घरच्यांच्या गळी उतरवावा लागला.

आणि प्रमाणपत्र. त्यावर मोठ्या अक्षरांत 'शासनमान्य'. चौकशी केल्यावर कळलं की शासनाकडे नोंदलेला आहे तो त्यांचा ट्रस्ट. अभ्यासक्रमाला मान्यता ही वेगळी गोष्ट. शिवाय नावापुढे एन. डी. (निसर्गोपचाराचं बिरुद) लावा, कुणी डॉक्टर म्हटलं तर 'नाही म्हणू नका' असा सल्ला पदवीदान समारंभात व्यासपीठावरून मिळाला. हे करू नका. निसर्गोपचाराची पूर्ण पदवी म्हणजे बीएनवायएस, साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. धर्मस्थळजवळच्या उजिऱ्याचं महाविद्यालय त्यासाठी देशात नावाजलेलं आहे. डाएटिशियन व्हायचं तर एसएनडीटी, निर्मला निकेतन अशा ठिकाणी आहारशास्त्राचं शिक्षण, रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे नोंदणीकृत डाएटिशियनची, परीक्षा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्यात पोषणशास्त्राच्या व्यावसायिकांचा स्वतंत्र गट केला आहे, म्हणजे पुढे नोंदणीशिवाय ही नावं लावणं अवघड होत जाणार. मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी पाटी किंवा जाहिरात तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हाच आहे, मग ती इन्स्टाग्रामवर का असेना. वर्षभराच्या शनिवार-रविवारी पदविकेवर आपण आहार-मार्गदर्शक किंवा उपचार-सहायक म्हणून काम करू शकतो. हे काम मानाचं आहे, त्याला उसनं बिरुद कशाला?

मग ४५ हजार वसूल झाले का? बाई आणि मावशी यांच्यापुरते झाले, उरलेले नाहीत. माझ्या मते असं करावं :

ज्यांना पोषण पक्कं करायचंय त्यांनी आधी इग्नू हे मुक्त विद्यापीठ बघावं. सहा महिन्यांचं अन्न व पोषण प्रमाणपत्र कुठल्याही औपचारिक शिक्षणाशिवाय, वय अठरा पूर्ण असलं की करता येतं. त्यापुढे वर्षभराची पोषण व आरोग्य शिक्षण पदविका, त्यात प्रत्यक्ष वस्तीत जाऊन प्रकल्प करावा लागतो. दोन्ही काही हजारांत होतात, आणि अभ्याससाहित्य इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं, नाव घालायच्या आधी चाळून बघा. भाषा पाठ्यपुस्तकी आहे, रंगीत चित्रं नाहीत, पण रोजच्या आहारात किती ग्रॅम काय हे इतकं नीट मी दुसरीकडे वाचलं नाही. माझ्या पदविकेनंतर मी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.

ज्यांना हाताचं काम शिकायचंय त्यांनी राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थानाच्या वर्षभराच्या उपचार-सहायक प्रशिक्षणाची चौकशी करावी. तिथं खरे पेशंट आहेत. हे प्रशिक्षण पूर्णवेळ आहे, म्हणून संसार आणि वर्ग सांभाळून मला जमण्यासारखं नव्हतं. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी मात्र खासगी संस्थेकडे वळण्याआधी हे बघावं. उरुळी कांचनच्या आश्रमात निवासी उपचार घ्यायची सोय आहे. स्वतः पेशंट म्हणून काही दिवस राहून बघितलं की मातीपट्टी अंगावर कशी लागते, रसाहाराच्या दुसऱ्या दिवशी डोकं कसं दुखतं, हे कळतं, आणि मग दुसऱ्याला सांगताना जीभ आवरते.

खासगी पदविकाच करायची असेल तर प्रवेशाच्या टेबलावर एवढं विचारा. उपचार विभागात प्रत्यक्ष किती तास, आणि तिथं पेशंट येतात की आम्ही एकमेकांवरच करायचं? आहार शिकवणारी व्यक्ती रुग्णालयात काम केलेली आहे का? 'कुणाला काय द्यायचं नाही' यावर स्वतंत्र पेपर आहे का? प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव आहे, आणि त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा अभ्यासक्रम सापडतो का? काही विकावं लागतं का? उत्तरं तोंडी नकोत, लेखी मागा. एक रविवार वर्गात बसू द्या म्हणा. बसू देत नसतील तर दुसरीकडे जा.

मी सध्या योगवर्गानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी आहाराचा सल्ला देते. पहिल्या भेटीचे चारशे रुपये, भेट तासाची. आलेल्या माणसाची घरची वाटी आणायला सांगते, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पट्टी आणायला सांगते. गोळ्यांची यादी पाहून शंका आली तर त्याच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून देते, त्यात आहारात काय बदल सुचवतेय तेही लिहिते. सुरुवातीला वाटलं होतं डॉक्टर चिठ्ठी वाचणार नाहीत. त्यातल्या एका फिजिशियननी मागच्या महिन्यात स्वतःहून दोन पेशंट माझ्याकडे पाठवले, दोघांच्या कागदावर एकच ओळ होती : मीठ आणि तेल मोजून द्या.